कपाटाची किल्ली कुणाकडे आहे?

विचारलेला प्रश्न असा आहे: "माणदेशात आमची जिल्हा परिषदेची सातवीपर्यंतची शाळा आहे, पट 112. पुस्तकांची दोन कपाटं आहेत, नोंदवहीत 640 पुस्तकं आहेत. गावात 'ड' वर्गाचं सार्वजनिक वाचनालयही आहे. तिथे सकाळी वयस्कर मंडळी पेपर वाचतात आणि दुपारी पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं अभ्यासाला बसतात. शाळेत वाचनतास लावला, वाचन प्रेरणा दिन साजरा केला, तरी मुलं वाचत नाहीत. सुरुवात कुठून करावी?"

सर, आधी एक सांगा. त्या दोन कपाटांच्या किल्ल्या कुणाकडे असतात?

मी 27 वर्षं सातारा जिल्ह्यातल्या एका गावाचं वाचनालय सांभाळलं. त्यातली शेवटची चौदा-पंधरा वर्षं आठवड्यातले दोन दिवस आसपासच्या शाळांत पुस्तकांची पेटी घेऊन जायचे. जवळजवळ प्रत्येक शाळेत किल्ली मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या खणात असायची. पुस्तक हवं असेल तर मुलानं आधी ऑफिसात जायचं, सर फोनवर नाहीत ना ते बघायचं, मग धीर करून मागायचं. तिसरीतलं पोर इतकं धाडस गोष्टीच्या पुस्तकासाठी करत नाही. म्हणजे ते वाचत नाही असं आपण म्हणतो तेव्हा बऱ्याचदा त्याच्या हाताला पुस्तक लागलेलंच नसतं.

कुलूप का लागतं, तेही मला ठाऊक आहे. बदली झाली की चार्ज द्यावा लागतो. नोंदवहीत 640 आणि कपाटात 612 निघाली, तर त्या 28 पुस्तकांचं उत्तर तुम्हालाच द्यावं लागतं. एका गुरुजींनी अशी भरपाई स्वतःच्या खिशातून केलेली मी पाहिली आहे. पुढे त्यांची बदली झाली, त्या शाळेत दुसरे गुरुजी आले, पण ती गोष्ट शाळेतच राहिली आणि कित्येक वर्षं तिथून एक पुस्तक मुलांच्या घरी गेलं नाही. त्या शिक्षकांना मी दोष देत नाही. भीती खरी होती. म्हणून माझं पहिलं सांगणं हे की पुस्तकं वाटण्याआधी ती हरवतील, फाटतील, याची कागदोपत्री सोय करून ठेवा.

शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्याच बैठकीत विषय घ्या. ठरावात तीन गोष्टी येऊ द्या: पुस्तकं मुलांना घरी दिली जातील, वापरून फाटलेल्या पुस्तकांचं दरवर्षी निर्लेखन होईल, म्हणजे ती नोंदवहीतून रीतसर कमी केली जातील, आणि हरवलेल्या पुस्तकासाठी पालकाकडून किंवा शिक्षकाकडून पैसे घेतले जाणार नाहीत. समितीत पालकच बहुसंख्य असतात, त्यांना हे पटवायला वेळ लागत नाही. कुणी शंका काढली तर केंद्र सरकारच्या 2017 च्या सर्वसाधारण वित्तीय नियमावलीतली तरतूद दाखवा. वर्षभरात वाचायला दिलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच गहाळ झाली तर ती वाजवी हानी समजावी, अट अशी की त्यात अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जी नसावी, असं तिथे स्पष्ट म्हटलं आहे. तो नियम केंद्राच्या कार्यालयांसाठी आहे, तुमच्या शाळेला तो थेट लागू होत नाही. पण सरकारच्या लेखी पुस्तक हरवणं हा गुन्हा नाही, हे केंद्रप्रमुखांना, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांना, आणि समितीला दाखवायला तो फार उपयोगी पडतो. ठरावाची प्रत वर पाठवा, पोच घ्या आणि जपून ठेवा. ग्रंथालयशास्त्राचे आचार्य डॉ. रंगनाथन यांनी 1931 साली पाच सूत्रं मांडली, त्यातलं पहिलंच सूत्र आहे की ग्रंथ उपयोगासाठी असतात. आपण ते ग्रंथपालनाच्या कोर्सात पाठ करतो आणि शाळेत आलो की विसरतो.

आता कपाट रिकामं करा, अगदी सगळं. सतरंजी अंथरा आणि 640 पुस्तकं खाली काढा. मी सांगते काय निघेल ते. एकाच पुस्तकाच्या बारा-बारा प्रती, कधीतरी पुरवठ्यात एकगठ्ठा आलेल्या. बारीक टाइपातली थोरांची चरित्रं. जुन्या योजनांच्या पुस्तिका, शिक्षकांसाठीचे संदर्भग्रंथ, व्यसनमुक्ती आणि स्वच्छतेवरची प्रबोधनपर पुस्तकं. आणि तळाशी कुठेतरी चित्रांची, पातळ, मुलांना हवीहवीशी वाटतील अशी थोडी. एका शाळेत आम्ही पाचशेच्या वर पुस्तकं निवडायला बसलो, तेव्हा पहिली ते चौथीच्या मुलांनी आपणहून उचलावीत अशी शंभरसुद्धा भरली नाहीत. म्हणजे ती शाळा इतकी वर्षं मुलांना शंभराहून कमी पुस्तकांतून वाचनवेडे व्हायला सांगत होती.

मुलांची पुस्तकं वेगळी झाली की त्यांचे चार ढीग करा. पानावर चित्र आणि एखादी ओळ असलेली, दोन-तीन ओळींची, परिच्छेद असलेली, आणि प्रकरणं पाडलेली मोठी. प्रत्येक ढिगाला एका रंगाची टिकली चिकटवा. ही टिकली तुमच्या सोयीसाठी आहे, मुलांना अडवण्यासाठी नाही. सातवीच्या मुलीला पहिल्या ढिगातलं पुस्तक घ्यावंसं वाटलं तर घेऊ दे. दुसरीतल्या पोरानं जाडजूड पुस्तक नुसतं मिरवायला नेलं तरी नेऊ दे, ते आठ दिवसांत आपणच बदलायला येतं.

आणि मग ती पुस्तकं परत कपाटात घालू नका. पातळ पुस्तकाला कणाच नसतो, कपाटात उभं केलं की ते दिसत नाही. वर्गाच्या किंवा व्हरांड्याच्या भिंतीला मुलाच्या छातीइतक्या उंचीवर सुतळी बांधा आणि कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी, किंवा नुसती मधोमध उघडून, पुस्तकं टांगा. मुखपृष्ठ समोर दिसलं पाहिजे. तीस-चाळीस पुस्तकं एका वेळी पुरतात, दर सोमवारी निम्मी बदला. बाजारात सुतळीला आणि चिमट्यांना जो खर्च येतो तेवढाच खर्च.

मोठ्यानं वाचून दाखवणं हे या सगळ्यातलं सर्वांत महत्त्वाचं काम आहे असं मी मानते, आणि नेमकं तेच शाळांत होत नाही. पाठ वाचून दाखवतात, गोष्ट वाचून दाखवत नाहीत. रोज पंधरा मिनिटं, शक्यतो मधल्या सुट्टीनंतर, मुलं जेवून सुस्तावलेली असतात तेव्हा. पुस्तक आदल्या दिवशी स्वतः एकदा वाचा. मुलांना अर्धगोलात बसवा, पुस्तक छातीपाशी उघडं धरा म्हणजे चित्र त्यांच्याकडे राहील, आणि ओळी तिरक्या नजरेनं वाचा. चार दिवसांत सवय होते. पान उलटण्याआधी क्षणभर थांबा. "आता काय होणार?" हे विचारायचीही गरज नसते, पोरं आपणच ओरडतात. गोष्ट संपली की पुस्तक मिटा आणि दोरीवर लावा. तात्पर्य विचारू नका. "या गोष्टीतून काय बोध घेतला?" हा प्रश्न जिथे विचारला जातो तिथे मुलं पुढची गोष्ट बोधासाठीच ऐकतात, म्हणजे ऐकतच नाहीत.

तुमच्या मुलांची बोली माणदेशी असणार. पुस्तकातलं वाक्य जसं छापलं आहे तसंच वाचा, पण त्यावर बोलणं त्यांच्या बोलीत होऊ द्या. "त्यो लांडगा लय बेरकी हाय" असं पोरगं म्हणालं की ते गोष्टीत शिरलंय. तिथे "तो लांडगा खूप धूर्त आहे असं म्हण" म्हणून दुरुस्ती केलीत तर ते बाहेर येईल आणि पुन्हा बोलणार नाही.

एका मुलीचं सांगते. तिसरीत होती, आईवडील ऊसतोडीला गेले की आजीकडे राहायची. शुक्रवारी पुस्तक न्यायची आणि सोमवारी परत करायची, पण वाचलंस का विचारलं की मान खाली. एका सोमवारी पुस्तक आणलंच नाही. मंगळवारीही नाही. बुधवारी आणलं ते मधल्या पानावर तेलाचा मोठा डाग पडलेलं, चटणीचा वास येणारं. पोर रडवेली झाली होती. मी पान उघडून बघत होते तर म्हणाली, "आजीला पुन्ना वाचाया पायजे व्हतं." आजीला अक्षरओळख नव्हती. भाकरी थापताना ती चुलीपुढून सांगायची, पुन्हा वाच, आणि ही अडखळत पुन्हा वाचायची. तीन रात्री तीच गोष्ट. त्या पोरीला मी वर्षभर वाचता येत नाही असं समजत होते. तिला वाचून दाखवायला कुणीतरी हवं होतं, आणि ते माणूस चुलीपाशी बसलं होतं. ते डागाचं पुस्तक मी निर्लेखित केलं नाही. पुढच्या मुलांना तेच हवं असायचं, कारण त्या पानावर काहीतरी घडलेलं दिसत होतं.

त्यानंतर मी पुस्तक देताना मुलांना "वाचून ये" म्हणणं सोडलं. "कुणाला वाचून दाखवणार?" असं विचारायला लागले. कुणी म्हणायचं धाकट्या भावाला, कुणी आजोबांना, एकानं शेळीला सांगितलं होतं. चालतं.

यातूनच एक युक्ती हाती लागली, ती तुम्हाला नक्की उपयोगी पडेल. पाचवी-सहावीत अशी काही मुलं असतातच ज्यांना सलग वाचता येत नाही. खेड्यापाड्यांतल्या मुलांना कितपत वाचता येतं हे बघणाऱ्या 'असर'च्या पाहणीत मुलांना अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा उतारा आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट अशा पायऱ्यांनी वाचायला देतात. तुम्हीही एकेका मुलाला बाजूला घेऊन तसं बघा, वर्गापुढे नको. जी मुलं मागे आहेत त्यांच्या हातात पहिलीचं चित्रपुस्तक दिलं तर त्यांना लाज वाटते, मिशी फुटायला आलेल्या पोराला तर फारच. त्याला सांगा, शनिवारी पहिलीच्या वर्गाला हे पुस्तक तू वाचून दाखवायचंय, तयारी कर. आता ते पुस्तक बाळबोध राहत नाही, त्याचं काम होतं. तो चार दिवस एका पुस्तकाचा सराव करतो, शनिवारी वीस पोरं त्याच्याकडे टक लावून बघतात. अशा सहा-सात शनिवारांनंतर मुलं धडाधड वाचायला लागलेली मी पाहिली आहेत. सगळीच नाही. ज्यांना अक्षरंच जमलेली नाहीत त्यांना वेगळं बसवून शिकवावंच लागतं, ते काम पुस्तक एकटं करत नाही.

देवघेवीची वही मुलांच्या हाती द्या. सहावी-सातवीतली दोन मुलं, दर महिन्याला जोडी बदलायची. वहीत तारीख, नाव, पुस्तक, परत आल्याची खूण, एवढंच. वर्गातल्या हुशार मुलांचीच जोडी करू नका. आमच्याकडे सगळ्यात चोख वही ठेवणारा मुलगा गणितात नापास व्हायचा, पण कुणाचं पुस्तक किती दिवस अडकलंय ते त्याला तोंडपाठ असायचं. वही तुम्ही महिन्यातून एकदा बघा आणि बघताना किती पुस्तकं गेली हे मोजू नका, कुणाच्या नावापुढे रेघच नाही ते शोधा. त्या मुलाशी बोला. कुणाच्या घरी धाकटं भावंड पुस्तक फाडतं म्हणून आई नको म्हणते, कुणाला संध्याकाळी जनावरं बघावी लागतात, कुणाच्या घरी वाचण्याइतका उजेड नसतो. प्रत्येकावर तोडगा वेगळा आहे.

वाचन प्रेरणा दिनाबद्दल. 15 ऑक्टोबर, डॉ. कलामांचा जन्मदिवस, 2015 पासून आपण साजरा करतो. त्या दिवशी सगळ्या मुलांना पटांगणात रांगेत बसवून हातात पुस्तक देऊन फोटो काढतात, अहवाल जातो, पुस्तकं परत कपाटात जातात. तुम्ही त्या दिवशी नवी पुस्तकं दोरीवर लावा. वर्षाच्या खरेदीतला एक गठ्ठा त्या दिवसासाठी राखून ठेवा आणि मुलांसमोर फोडा, नव्या कागदाचा वास त्यांना घेऊ द्या. स्पर्धा मात्र ठेवू नका. 'जास्तीत जास्त पुस्तकं वाचणारा विद्यार्थी' असं बक्षीस लावलं की मुलं सगळ्यात पातळ पुस्तकं शोधतात आणि हळू वाचणारी मुलं बाजूला पडतात. पुस्तक वाचलं की सारांश लिहून आणा, हेही नको. वाचण्यावर गृहपाठाचा कर बसवला की देवघेव निम्म्यावर येते, हे मी दोन शाळांत डोळ्यांनी पाहिलंय.

आता गावच्या वाचनालयाकडे येते, कारण शाळा पाच वाजता बंद होते आणि मे महिन्यात तर पूर्णच. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा 1967 चा. त्यातून अ, ब, क, ड अशा वर्गांची हजारो वाचनालयं उभी राहिली, खेड्यापाड्यांत पोचली. दुसऱ्या राज्यांत गेलं की आपल्याकडे काय आहे ते कळतं. पण 'ड' वर्गाचं अनुदान बेताचं, ग्रंथपालाचं मानधन त्याहून बेताचं, आणि मुलांच्या विभागात दोन खुर्च्या असतात. त्या ग्रंथपालांकडे तक्रार घेऊन जाऊ नका. विनंती घेऊन जा, आणि तीही नेमकी: शाळेला सामुदायिक सभासद करून घ्या आणि दर महिन्याला तीस-चाळीस पुस्तकांची पेटी द्या. मुलाकडून अनामत रक्कम मागितली की गरीब घरातलं मूल दारातूनच परत फिरतं. शाळा सभासद झाली तर तो प्रश्न मिटतो, आणि वाचनालयाची देवघेवही नोंदवहीत वाढते, जी तपासणीच्या वेळी त्यांनाही हवी असते.

ही पेटीची कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी 1910 साली अमेरिकेहून बॉर्डन या ग्रंथालयतज्ज्ञाला बोलावून संस्थानभर मोफत वाचनालयांचं जाळं विणायला घेतलं, आणि ज्या गावात वाचनालय नव्हतं तिथे पेट्या भरून पुस्तकं पाठवायला सुरुवात केली. गावकऱ्यांनी वाचायची, पेटी परत करायची, दुसरी घ्यायची. तेव्हा बैलगाडी आणि रेल्वे होती. तुमच्या शाळेपासून वाचनालय चालत दहा मिनिटांवर असेल.

भरतीच्या मुलांनी हॉल अडवलाय अशी कुरकूर मी अनेक गावांत ऐकते. त्यांना हुसकू नका, त्यांना बसायला दुसरी जागा नाही. उलट त्यांच्याकडून शनिवारी अर्धा तास मागा. आमच्या वाचनालयात पहाटे ग्राउंडवर पळून आलेला एक दांडगा मुलगा दर शनिवारी लहान मुलांना गोष्ट वाचून दाखवायचा. त्याच्याभोवती जेवढी पोरं जमायची तेवढी माझ्याभोवती कधी जमली नाहीत. पोरांनी त्याचं बघून वाचनालयात पाऊल टाकलं.

महाबळेश्वर-पाचगणीच्या वाटेवरचं भिलार तुम्हाला जवळ आहे. 4 मे 2017 ला ते पुस्तकांचं गाव झालं. मुलांना सहलीला जरूर न्या, पण तुम्ही स्वतः बघायची गोष्ट वेगळी आहे: तिथे पुस्तकं माणसांच्या राहत्या घरांत ठेवली आहेत, ओसरीवर, खोलीत, येणारा-जाणारा उचलून वाचतो. तेवढा पैसा आपल्याकडे नाही, पण घरं आहेत. आम्ही तीन ठिकाणी पत्र्याच्या छोट्या पेट्या ठेवल्या: अंगणवाडीताईंच्या घरी, किराणा दुकानात आणि पिठाच्या गिरणीत. गिरणीतली पेटी सगळ्यात चालली. दळणाचा डबा घेऊन मुलंच येतात, नंबर यायला अर्धा-पाऊण तास लागतो, करायला दुसरं काही नसतं. पुस्तकांवर पिठाचा थर बसायचा, तो झटकून वाचायचे. दुकानातली पेटी मात्र फसली, दुकानदाराला गिऱ्हाईक सांभाळताना तिच्याकडे बघायला वेळ नव्हता, ती आम्ही तीन महिन्यांत हलवली. तुमच्या गावात मुलं कुठे ताटकळत थांबतात ते तुम्हाला माहीत असेल. पेटी तिथे ठेवा.

स्थलांतर करणाऱ्या घरांतल्या मुलांना विसरू नका. तुमच्या भागातली मेंढपाळ कुटुंबं दिवाळीनंतर मेंढरांमागे कोकणाकडे उतरतात, पावसाच्या तोंडावर परततात. जाताना त्या मुलांना तीन-चार पुस्तकं बांधून द्या, परतीची तारीख न घालता. मी दिली तेव्हा सहकारी म्हणाले, ही गेलीच समजा. एका मुलानं जूनमध्ये तिन्ही आणून दिली, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली, घोंगडीच्या वासाची. मुंबई-गोव्याच्या रस्त्याकडेला वाड्यावर, म्हणजे मेंढरांच्या मुक्कामावर, ती किती जणांनी वाचली हे त्यानं बोटांवर मोजून सांगितलं. हेच मे महिन्याच्या सुट्टीचं. शेवटच्या दिवशी निकालासोबत प्रत्येक मुलाच्या हाती पाच पुस्तकं द्या. वर्षभरात कमावलेली वाचनाची गती सुट्टीच्या दीड महिन्यात कशी घसरते ते तुम्ही दर जूनला बघतच असाल.

पैशांचं थोडक्यात. शिक्षण हक्काच्या 2009 च्या कायद्यातच प्रत्येक शाळेत वर्तमानपत्रं, मासिकं आणि गोष्टीच्या पुस्तकांसह ग्रंथालय असावं असं म्हटलं आहे. केंद्राच्या 'समग्र शिक्षा' योजनेत शाळेच्या पातळीनुसार पाच हजारांपासून वीस हजारांपर्यंत ग्रंथालय अनुदानाची तरतूद आहे. ते मिळेल तेव्हा यादी स्वतः करण्याचा आग्रह धरा. नॅशनल बुक ट्रस्ट, प्रथम बुक्स, ज्योत्स्ना प्रकाशन यांची मुलांची पातळ, चित्रांची मराठी पुस्तकं मागवा, आणि बालभारतीचं 'किशोर' मासिक लावा, 1971 पासून ते निघतंय आणि वर्गणी परवडणारी आहे. सरासरी पन्नास रुपये धरले तरी पाच हजारांत शंभर पुस्तकं येतात. गावात कुणी देणगी म्हणून जुनी पुस्तकं देऊ केली तर आधी बघून घ्या. अडगळ काढायची म्हणून दिलेल्या गाइडांनी आणि दिवाळी अंकांनी कपाट पुन्हा भरेल.

मोबाइलबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण पालक विचारतील. मी मोबाइलशी भांडत बसले नाही. रात्री जेवणानंतर ज्या घरी मूल मोठ्यानं वाचत होतं, तिथे ते तेवढा वेळ मोबाइलकडे गेलं नाही, एवढं मी पाहिलं.

पहिल्या वर्षी पंधरा-वीस पुस्तकं जातील असं धरून चाला. ठराव हातात आहे, घाबरू नका. जूनमध्ये मोजणी कराल तेव्हा जी पुस्तकं अगदी खिळखिळी झाली असतील, शिवण उसवलेली, कोपरे दुमडून गेलेले, चहाचे डाग पडलेली, त्यांची नावं आधी एका कागदावर लिहून काढा. नव्या खरेदीच्या यादीत सगळ्यात वर तीच घ्या, प्रत्येकी दोन प्रती.